मुरमांच्या गोळ्या

"आदी बस. मंग रड."

शिरवणे गावातल्या दवाखान्यात डोळे पुसत आलेल्या प्रत्येक बाईला डॉक्टरीणबाई हेच म्हणायच्या आणि म्हणता म्हणता पायानेच स्टूल पुढे ढकलायच्या. हात कधी रिकामे नसत. एका हातात ब्लडप्रेशरच्या यंत्राचा रबरी फुगा, दुसऱ्यात गार झालेल्या चहाचा ग्लास. त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. बसलेली बाई तोल सावरण्यात गुंतायची आणि निम्मं रडणं तिथेच विसरायची. स्टूल दुरुस्त का करून घेत नाही, असं मी एकदा विचारलं. "औषध हाय ते," त्या म्हणाल्या.

नव्वदच्या दशकात नेरूळकडे राहिला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. उंच, सावळ्या, साडीवर पांढरा कोट आणि अंबाड्यात अबोलीचा गजरा. त्या करावे गावच्या, मासळी विकणाऱ्या घरातल्या. आमच्याशी साफ शहरी मराठी बोलायच्या, पण रागावल्या की किंवा माया आली की गावची बोली वर यायची. समोरच्याने ओळखायचं, यातलं कोणतं कारण आहे ते.

त्यांच्याकडे येणाऱ्यांत निम्म्या बायका मूल लांबवायच्या गोळ्यांसाठी यायच्या. नवरे बाहेर टपरीपाशी आकाशाकडे बघत उभे. मार्केटात पोती वाहणारा एक धिप्पाड गडी एकदा आत आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाई, फॅमिलीचं पाकीट जरा पेपरात बांधून द्या." बाईंनी पाकीट त्याच्या तळहातावर उघडंच ठेवलं. "का रे? भजी हाय का ती?" तो लाजून पळाला. पुढच्या महिन्यात पुन्हा आला, तेव्हा मात्र स्वतःहून हात पसरून उभा राहिला.

मला त्या गड्याला हसायचा अधिकार नव्हता. मी पावणे एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. इथे दोन खोल्यांत आई, बायको, लग्नाची धाकटी बहीण आणि दीड वर्षाची मुलगी. मुलीच्या वेळी बायकोच्या अंगावरून इतकं गेलं होतं, की रक्ताच्या बाटल्या चढवून तिला परत आणली. त्यातून ती भरलीच नव्हती. बाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कागद हाय नुसता. एवढ्यात दुसरं राहिलं तर ही वाचेलच असं मी सांगणार नाही. कळलं?"

मला कळलं होतं. पण घरात आई होती आणि आईला नातू हवा होता. देवापुढे, शेजारणीपुढे, भाकरी थापताना ती तेच बोलायची.

बाईंनी बायकोचं ब्लडप्रेशर घेतलं. डोकं फार दुखतं का, कावीळ झाली होती का, पोटऱ्या सुजतात का, मिशरी लावतेस का, एकेक विचारून घेतलं. मग पाकीट उघडून दाखवलं. पांढरी गोळी रोज एक. पांढऱ्या संपल्या की तपकिरी, त्या लोहाच्या. "पांढरी चुकवायची नाही. चुकली तर आठवल्याबरोबर घ्यायची. आणि बऱ्याच चुकल्या तर घाबरून घरात बसायचं नाही, माझ्याकडे यायचं."

"आणि घरी काय सांगायचं?" मी विचारलं.

बायकोच्या हनुवटीवर तेव्हा मुरमं उठलेली असत. बाई सहज बोलून गेल्या, "ह्या गोळीनं पुष्कळजणींची मुरमंही जातात."

मी तेवढंच धरलं. "मग मुरमांच्या गोळ्या म्हणून सांगतो."

बाईंनी चहाचा घोट घेतला. "खोटं नाही ते. पण बरंही नाही."

"बाई, तुम्ही आमच्या आईला ओळखत नाही."

"ते खरंय," म्हणाल्या आणि पाकीट बायकोच्या हातात दिलं.

पहिले काही महिने सगळं छान चाललं. बायकोच्या तोंडावर तजेला आला, पाळीला जाणारं रक्त कमी झालं आणि हनुवटी स्वच्छ झाली. हे शेवटचं तेवढं आईच्या नजरेत भरलं.

कारण माझ्या बहिणीचं तोंड मुरमांनी भरलेलं होतं. दोन स्थळं बघून गेली होती. दोन्हींकडून "कळवतो" म्हणाले आणि कुणी कळवलं नाही. बिचारी हळद लावायची, डाळीचं पीठ लावायची, आरशाकडे पाठ करून वेणी घालायची. सुनेच्या पाकिटाने हनुवटी साफ होते, तर मुलीची का नाही? आईने पाकीट हातात घेऊन नीट पाहिलं आणि आपला निकाल दिला. पांढऱ्या गोळ्यांनी रंग उजळत असणार, नाहीतर त्या पांढऱ्या कशाला केल्या असत्या? तेव्हा पांढरी एक दिवस मुलीला, एक दिवस सुनेला. तपकिरी सगळ्या सुनेला. "तिचं काय, तिचं लगीन झालंय."

बायकोने मला सांगितलं. मी म्हणालो, "आईशी बोलतो." रोज म्हणत होतो. कारखान्यातून येताना वाक्यं जुळवायचो आणि दारात चपला काढताना ती विरून जायची. मुलाने आईपुढे असं काही बोलायचं नसतं, असं माझ्या मनात घट्ट बसलेलं होतं. बायकोही सासूच्या हातातून गोळी परत घेऊ शकत नव्हती; कारण सांगावं लागलं असतं.

मग तिची पाळी चुकली.

ती एकटीच, मुलीला कडेवर घेऊन शिरवण्याला गेली आणि बाईंना गोळ्यांची वाटणी सांगितली. बाईंनी टपरीवाल्याकडून कारखान्यात फोन करवला. मी धावत पोचलो. मला त्यांनी बसायला सांगितलं नाही.

"पोटात काय हाय ते लघवी तपासल्यावर कळंल," त्या म्हणाल्या. "घरात काय हाय ते मी आत्ता बघते."

बाहेर बायकांची रांग होती. "जरा बसा गो, येते मी," म्हणून त्या कोटासकट निघाल्या.

आई तांदूळ निवडायला बसली होती. बाई तिच्या शेजारी फरशीवर बसल्या आणि ताटातले खडे वेचू लागल्या. तांदूळ कुठला, भाव काय, तुम्हाला मुलं किती, असं विचारत राहिल्या. आई खुलली. सात झाली, तीन राहिली, म्हणाली. शेवटच्या खेपेला आपण स्वतःच मरता मरता वाचलो, तेही सांगितलं. मी दारात उभा होतो. हे मला माहीत नव्हतं.

"मावशी," बाई खडे वेचतच म्हणाल्या, "त्या पांढऱ्या गोळ्या मूल राहू नये म्हणून हायेत. त्याच गोळ्यांनी मुरमंपन जातात. दोन्ही खरं हाय. तुमची सून अजून भरली नाय. आता राहिलं तर तुमच्यासारखंच तिचं व्हनार, आनि तुमच्यासारखी ती वाचंल का, मना ठावं नाय."

आईचा हात ताटात थांबला. मला वाटलं, आता सुनेवर कडाडणार. पण ती बहिणीकडे बघत होती.

"म्हंजी मी कुवार पोरीला… हिला आता पोरंबाळं व्हायची न्हाईत?"

"व्हतील. गोळी बंद केली की सगळं पयल्यासारखं. घाबरू नका." बाईंनी बहिणीला जवळ ओढून तिची हनुवटी वर केली. "पाळी वेळेवर येते का गो तुला?"

बहिणीने मान हलवली. "दोन-दोन महिने येत नाही."

"मग ही मुरमं त्यातलीच असतील. उद्या ये, तपासते. गोळी द्यायची ठरली तर तुझी वेगळी देईन, आणि कशाची आहे ते तुला सांगून देईन."

आईने माझ्याकडे पाहिलं. "मला का न्हाई सांगितलंस?"

तेव्हा बाई म्हणाल्या, "मावशी, अर्धी चूक माझी हाय. मना म्हाईत व्हता हा काय सांगनार ते. मी गप बसले."

एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाई, आमच्या फरशीवर बसून, तांदळाच्या ताटापुढे. ज्या गोष्टीसाठी मला मान वर करता येत नव्हती, तिचा निम्मा भार त्यांनी न मागता उचलला. त्यानंतर त्यांनी कुणाला अर्धं सांगू दिलं नाही. नवीन सून गोळ्यांना आली की तिला विचारून, ती हो म्हणाली की, सासूलाही आत बोलवायच्या. किती सासवांनी त्यांना शिव्या घातल्या याची गणती नाही. त्या शिव्या पुऱ्या ऐकून घ्यायच्या आणि मग सासूचंच ब्लडप्रेशर तपासायच्या.

बाई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. दवाखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. करावे गावात त्यांना पोचवायला आलेल्या गर्दीत माझी बहीण होती, दोन मुलांची आई. माझ्या डोळ्यांसमोर मात्र बाई येतात त्या पाठमोऱ्या.

तेव्हा बायकोच्या लघवीच्या तपासणीत काही निघालं नव्हतं. तरी बाई म्हणाल्या होत्या, थोडे दिवस वाट पाहू. तेवढे दिवस आई बायकोला पाण्याचा हंडा उचलू देत नव्हती. एके सकाळी मोरीतून बाहेर आलेल्या बायकोने आईच्या कानात काहीतरी सांगितलं. आईने चपला घातल्या आणि चालू लागली. मी मागोमाग गेलो.

दवाखाना भरलेला होता. आईने सरळ पडदा बाजूला केला.

"बाई, आली."

"कोण आली?"

"सुनंला पाळी आली." सगळ्या दवाखान्याने ऐकलं. टपरीपाशी उभ्या असलेल्या नवऱ्यांनीही ऐकलं असणार. बाकावरची एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसली.

"बसा मावशी," बाई म्हणाल्या.

आई बसली नाही. "पुढलं पाकीट कवा चालू करायचं? मीच देत जाईन तिला रोज. ती पोरीच्या नादात इसरती."

"पाचव्या दिवसापासून," बाई म्हणाल्या आणि उठून कपाटाकडे वळल्या. पाकिटं समोरच्याच कप्प्यात रचलेली होती, मला दारातून दिसत होती. तरी आमच्याकडे पाठ करून त्या बराच वेळ ती शोधत राहिल्या.