पडवीतलं मशीन

गावाहून निलेशचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगला निघाले होते. एरवी तो मेसेज पाठवतो, फोन करत नाही, म्हणून जिन्यातच थांबून घेतला. "बाबलकाका गेले गो," तो म्हणाला. "सकाळी चाय पिऊन खुर्चेर बसले होते. काकी भितर गेली नि भायर येयपर्यंत..." मी मीटिंगला गेले, बहुतेक बोललेही असेन काहीतरी. दुपारी डबा उघडला तेव्हा लक्षात आलं की मे महिन्यानंतर मी काकांना एकदाही फोन केला नव्हता. करायचा मात्र रोज होता. आणि का करत नव्हते, तेही मला नीट ठाऊक होतं...

आमच्या शिरोड्याबाहेरच्या वाचकांना बाबलकाका माहीत असण्याचं काही कारण नाही. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. कुठल्याशा परक्या बंदरात, जहाज लागलेलं असताना, त्यांनी पहिल्यांदा व्हिडिओ गेमचं मशीन पाहिलं आणि ते तिथेच उभे राहिले. नोकरी सोडून कायमचे गावी आले तेव्हा लोकांना वाटलं, हे आता नारळाची बाग बघतील किंवा दुकान टाकतील. त्यांनी मुंबईहून ट्रकमधून एक उंच लाकडी कपाट आणलं आणि रस्त्याकडच्या पडवीत, बांबूच्या तट्ट्यांनी केलेल्या खोलीत उभं केलं. कपाटाला काच होती, काचेमागे पडदा, पुढे फळीवर दोन दांडे आणि लाल-पिवळी बटणं. संध्याकाळी ते सुरू झालं आणि त्याचा तो टुंइ टुंइ आवाज बाजारापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी शाळेत दुसरा विषय नव्हता. तोपर्यंत आमची श्रीमंती म्हणजे बबलगमच्या आतले स्टिकर, कुस्तीगिरांची चित्रं असलेले पत्ते आणि रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर दिसणारी मालिका, तीसुद्धा गच्चीवरचा अँटेना कुणीतरी धरून उभं राहिलं तर. आणि आता आमच्याच गावात, माडांच्या खाली, एक विमान होतं आणि ते आपल्या हातात होतं!

काकांचा नियम एकच. आंबे-फणसाच्या दिवसांत पोरांचे हात कायम चिकट, म्हणून दाराशी त्यांनी पाण्याची बादली आणि जुना पंचा ठेवला होता. "हात धुवन येवा रे!" हे ते आतूनच ओरडत, कोण आलंय ते न बघता. अभ्यास झाला का, घरी सांगून आलास का, असलं ते कधी विचारत नसत. त्यामुळे गावातल्या बऱ्याच आयांचा त्यांच्यावर राग होता. निलेशची आई त्यातली पहिली. तो वेळेवर घरी आला नाही की ती मला पाठवायची, शेजारची मुलगी म्हणून. मी जाऊन तट्ट्याच्या दाराशी उभी राहायचे. निलेशला हाक मारायची हे विसरून जायचे. मुलींनी आत जायचं नसतं हे कुणी सांगितलं नव्हतं, पण आत एकही मुलगी नव्हती, तेवढं पुरे होतं. एक दिवस काकांनी मला पाहिलं. "काय बघतंस गो? भितर ये." मुलं कुरकुरली. काकांनी तिकडे लक्ष न देता कोपऱ्यातला पाट आणला, मशीनपुढे ठेवला आणि मला त्यावर उभं केलं, कारण माझा हात दांड्यापर्यंत पोचत नव्हता. माझं विमान पडद्यावर आलं तेच जाऊन कशावर तरी आपटलं. मागे मुलं हसली. काका वाकून म्हणाले, "भिया नको. मेलंस तर मेलंस, परत सुरू होता."

मग मी रोज जाऊ लागले. माझे वडील गावच्या प्राथमिक शाळेत गुरुजी होते, त्यामुळे बातमी घरी पोचायला वेळ लागला नाही. शाळा सुटल्यावर ते तसेच छत्री घेऊन पडवीत आले तेव्हा मी पाटावर होते. मी दांडा सोडला. सगळी पोरं भिंतीला चिकटली. बाबांचा हात उचललेलाच होता, आणि काका मध्ये आले. आवाज न चढवता, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाले, "गुरुजी, चेडवाक मारूच्या आदी एकदा हात लावन बघा. काय वायट आसा ता माका सांगा. मी उद्यापासून बंद करतंय." बाबांना ते आव्हान वाटलं असावं. छत्री मनगटाला अडकवून ते मशीनपुढे उभे राहिले. पहिला डाव क्षणात गेला. "हे बटण कशाला?" त्यांनी विचारलं. दुसरा थोडा टिकला. तिसऱ्याला त्यांनी छत्री माझ्याकडे दिली... त्या संध्याकाळी आम्ही दोघं दिवेलागणीनंतर घरी गेलो आणि वाटेत बाबा एवढंच म्हणाले, "आईला सांगू नको." माझ्या वडिलांना मी त्या एका संध्याकाळी मुलासारखं खेळताना पाहिलं. ते मला दाखवणारा माणूस काका होते.

पुढे जे सगळीकडे झालं तेच शिरोड्यात झालं. टीव्हीला जोडायचे गेम घरोघरी आले, मग कॉम्प्युटर, मग फोन. पडवीत मुलं येईनाशी झाली. काकांनी रस्त्यावरची पाटी उतरवली, मशीन तसंच राहिलं. मी कोल्हापूरला शिकले आणि आता पुण्यात, मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या एका कंपनीत चित्रं काढते. या धंद्यात कशी आलात असं कुणी विचारलं की मी पडवी, बादली, पाट हे सगळं रंगवून सांगते. लोकांना फार आवडतं. मात्र सुट्टीत गावी गेले की त्याच पडवीवरून स्कूटर न थांबवता जायचे. "काका, येतंय हां मगे!" असं ओरडून. काका खुर्चीतून हात वर करायचे. ते 'मगे' बहुतेक वेळा पुढच्या सुट्टीवर जायचं.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर मात्र आठवणींना ऊत आलेला असायचा. कुणी जुन्या पत्त्यांचे फोटो टाकायचं, कुणी त्या विमानाच्या खेळाचा आवाज शोधून काढायचं, आणि सगळे म्हणायचे, काय दिवस होते! निलेशने समुद्राकडच्या जागेत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, तेव्हा कल्पना माझीच निघाली. काकांचं मशीन आणू, नीट दुरुस्त करू आणि तुझ्या ओसरीत ठेवू. पुण्याची मुलं वेडी होतील. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. मशीन कुणाचं आहे, तो माणूस स्वतःच्या घरात बसलेला आहे, त्याला काय वाटेल... हे एवढ्या टाळ्यांत कुणीच लिहिलं नाही. मीही नाही.

मी आणि निलेश गेलो तेव्हा काका एकटेच होते. काकी बहिणीकडे वेंगुर्ल्याला गेली होती. टेम्पो आम्ही बरोबरच नेला होता. आता विचार करते तेव्हा हे सगळ्यात जास्त टोचतं. विचारायला जाताना आम्ही न्यायचीच तयारी करून गेलो होतो. मी उत्साहाने सांगत होते आणि काका ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "थंय पोरां खेळतली मां?"

"खेळतली काका. रोज खेळतली."

"मगे न्हेवा."

त्यांनी फडक्याने काच पुसली. म्हणाले, "एक डाव खेळतंय हां," आणि मशीन सुरू केलं. मला वाटलं होतं ते बंद पडलेलं असेल. पडदा लगेच उजळला. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. काका पुढच्या दोन स्टुलांपैकी डावीकडच्यावर बसून खेळू लागले, आणि काय सुंदर खेळत होते! घाई नाही, धसमुसळेपणा नाही. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. थोड्या वेळाने पुन्हा वाजवला. मी मोबाइलमध्ये वेळ पाहिली. काकांनी मान वळवून मला वेळ बघताना पाहिलं आणि दांड्यावरून हात उचलला. त्यांचं विमान तिथेच, मधोमध, जिवंत होतं. "जावंदे. न्हेवा," ते म्हणाले आणि स्वतःच वायर काढली.

पुण्यात आमच्या ओळखीच्या एका मुलाने मशीनचं रूप पालटलं. जुन्या टीव्हीत असते तशी जाड काचेची नळी जाऊन चपटा पडदा आला, आत जुन्या बोर्डाच्या जागी नवं सर्किट, त्यात शेकडो खेळ, कडेला निळे दिवे. मे महिन्यात निलेशकडे उद्घाटन केलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले, काकीही आली. आम्ही नारळ काकांच्याच हातून फोडवून घेतला. मग त्यांना खेळायला बसवलं. यादीतून त्यांचा खेळ शोधून दिला, पण तो त्यांचा नव्हता. वेग वेगळा, दांडा नवा आणि ताठ. विमान लगेच गेलं, दुसरंही गेलं. मागे रांगेतल्या एका मुलाने "झालं का, अंकल?" असं विचारलं, तसे ते पटकन उठले. मी त्यांचे फोटो काढले आणि 'आमचे गेमकाका' असं लिहून टाकले. खूप लोकांनी कौतुक केलं. निघताना काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "जुनो बोर्ड खंय आसा?"

"त्या मुलाकडे असेल काका. कदाचित टाकलाही असेल त्याने. जुना झाला होता."

"बरां, बरां," ते म्हणाले. "चांगला केलंस."

ही आमची शेवटची भेट. तो प्रश्न घेऊनच मी पुण्याला आले आणि म्हणूनच फोन करत नव्हते.

काकांच्या तेराव्याला गेले. माणसं पांगल्यावर काकीजवळ पडवीत बसले. मशीन उभं होतं तिथे दोन स्टुलं अजून होती. मी काही बोलायच्या आधी काकीच बोलू लागली. गिऱ्हाइकी होती तेव्हा ती कधी या खोलीत बसली नव्हती. मुलांची गर्दी, आणि घरची कामं. पाटी उतरल्यावर काकांनी तिला शिकवलं. "दुपारची झोप झाली काय आमी दोघां खेळायचों. रोज. ह्ये डावीकडे, मी उजवीकडे. पोरबाळ नाय, टीव्ही माका आवडणा नाय..." ती हसली. "ह्येंच्यापरास मी बरी खेळायचंय. इचार कोणाकय."

मी मान खाली घातली. म्हणाले, "काकी, मग काकांनी सांगितलं का नाही?"

"चेडू इतक्या हौसेन इला, तेका नाय कसा म्हणू, असा म्हणाले." मग, रागाने नव्हे, पण माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी घराक नसलंय. माका कोणी इचारूकच नाय."

मशीन गेलं म्हणून काका गेले असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं, आणि ते खरंच असणार. पण ज्या दिवसांना आम्ही 'गेलेले दिवस' म्हणून कुरवाळत होतो, ते या पडवीत रोज दुपारी चालूच होते. आमच्यासाठी ती आठवण होती, त्या दोघांसाठी ती संध्याकाळपर्यंतची सोबत होती. शेवटचे काही महिने आम्ही ती त्यांच्याकडून काढून घेतली, टाळ्या वाजवत... याला काही उपाय नाही, हे मला कळतं.

निलेशला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हाडूया परत." पुण्याच्या मुलाकडे जुना बोर्ड एका खोक्यात सापडला. नळी भंगारात गेली होती, ती नाही मिळाली. चतुर्थीच्या आधी मी आणि निलेशने जुना बोर्ड बसवून मशीन पडवीत आणून ठेवलं. निळे दिवे काढून टाकले. काकी दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, "काकी, बसा." ती येऊन उजवीकडच्या स्टुलावर बसली आणि नुसतीच बसून राहिली. "सुरू ह्येच करायचे," म्हणाली. "माका ह्या बाजूचाच येता." या खेळात डावीकडच्याने सुरू केल्याशिवाय उजवीकडचं विमान पडद्यावर येत नाही. डावीकडचं स्टूल रिकामं होतं. निलेशने माझ्याकडे पाहिलं.

मी बसले आणि बटण दाबलं. "रंग लय भडक झाले," काकी पुटपुटली आणि खेळू लागली. माझं विमान थोड्याच वेळात गेलं, मग उरलेलीही गेली. काकीचं चालूच होतं. ती ओठ आवळून, पुढे झुकून, एका हाताने पदर सावरत खेळत होती आणि मध्येच, बहुधा सवयीने, डावीकडे न बघता म्हणाली, "वांयच सरका, माझो कोपर लागता." मग तिच्या लक्षात आलं. हात थांबला नाही, पण डोळे भरले. मी उठू लागले, म्हटलं तिला एकटीला राहू द्यावं.

"उठू नको," काकी म्हणाली. "बस थंयच."

मी स्टूल जरा सरकवलं आणि बसून राहिले.