काटेरी हलव्यातला तीळ

जेवण आटोपून कुमुदताई आरामखुर्चीत टेकतात. डोळे जड झालेत, पण लवकर मिटत नाहीत. गेल्या पौषात धाकटा भाऊ नीरू गेला. औषधाच्या अतिसूक्ष्म कणांवर त्याचं संशोधन होतं. शोकसभेत लोक भरभरून बोलले, आणि तेव्हापासून त्याला आठवायला गेलं की त्यांना ती भाषणंच ऐकू येतात. नीरू काही सापडत नाही.

पायाखालची फरशी कोमट होते. समोर शाळेचा फळा, रिकामी बाकं. शेवटच्या बाकावर नीरू.

“ताये, तीळ हलव की! करपतील.”

टेबलाची परात झाली आहे, खाली शेगडी. कुमुदताई चमच्याने पाक सोडतात, बोटांनी तीळ फिरवतात. हलव्याला काटे फुटू लागतात.

“नीरू, खरंच तूच ना? का लोकांनी सांगितलेला?”

“मास्तरीणबाई, तुम्हीच सांगा. हा तीळ म्हणजे माझा कण. रक्तात पडला की काय होतं?”

“औषध घेऊन दुखण्याकडे जातो. मुलांना तसंच सांगते मी.”

“उघडाच? अगं, रक्तातली प्रथिनं लगेच येऊन चिकटतात त्याला. शरीराला कण दिसतच नाही, हा अंगरखा दिसतो. तो बघून पेशी ठरवतात, गिळायचं का सोडायचं.”

परात लांबत जाते, तांबडी होऊन वाहू लागते. नीरू पलीकडच्या काठावर.

“मग मी तुला ओळखू कशी रे?” कुमुदताई अलीकडच्या काठावरून विचारतात.

“आधी चिकटते ती गर्दी. तिची पकड सैल. मागाहून थोडीच प्रथिनं येतात, पण घट्ट धरणारी. ती गर्दीला हटवून जागा घेतात.”

“आणि माझी पकड?”

“माझ्या कानाला विचार! पाढा चुकला की धरायचीस तो.”

त्या हात लांबवतात. प्रवाहापलीकडचा कान हाताला लागतो. गरम, वरच्या कडेला जरासा दुमडलेला. एकाही भाषणात हा कान नव्हता.

“सोड ना, ताये, दुखतंय!” तो ओरडतो. चिरका, सात वर्षांचा आवाज.

त्या सोडत नाहीत.

डोळे उघडतात. ऊन भिंतीवर चढलंय. घरात कुणी नाही. आवळलेली चिमूट कुमुदताई हळूहळू उलगडतात. बोटांच्या टोकांवर पाक वाळला आहे, पांढरा, खरखरीत. तो जिभेला लावायचा धीर त्यांना होत नाही.