टाका आवळणारे हात

तीस वर्षं मी मुलींना गणित शिकवलं. लोक जिथे ‘वा वा’ म्हणतात तिथे मला आधी चूक दिसते, स्वभावच तसा. निवृत्त होऊन चारमिनारच्या शहरात, गौलीगुड्यात राहायला आले, तेव्हा समोरच्या हिम्मतरावांचं काम मी असंच नाक मुरडून पाहिलं. पिस्तूल कमरेला अडकवायची चामड्याची होल्स्टरं ते हाताने शिवत. मला सगळे टाके सारखे दिसले, म्हणून संशय आला. घरी जाऊन पट्टी आणली आणि मोजले. दर इंचाला सात. उलट बाजूनेही सातच. मी गप्प बसले, आणि मला गप्प बसवणं किती अवघड आहे ते माझ्या सुनेला विचारा.

मग रोज चहा घेऊन त्यांच्या ओट्यावर बसायची सवयच लागली. गुडघ्यांत लाकडी चिमटा, चिमट्यात चामडं. आरीने भोक पाडायचं, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही सुया समोरासमोरून त्याच भोकातून काढायच्या आणि दोन्ही हात फाकवून टाका आवळायचा. दुकान इतकं अरुंद की हात पसरले की मुठी भिंतींना लागत. दोन्ही भिंतींवर त्या उंचीला रंग उडून वाटीएवढे दोन खड्डे पडले होते. मी चारमिनार तीनदा पाहिला आहे. एवढी थक्क झाले नव्हते.

“आजोबा उदगीरहून घोड्याची खोगिरं शिवायला इथं आले, तवाचा टाका आहे हा,” ते सांगत. “एक धागा तुटला तरी दुसरा सोडत नाही, मास्तरीणबाई. नवरा-बायकोवानी.”

“दोऱ्याला मेण मी लावते म्हणून,” आतून त्यांच्या पत्नी तारामतीबाई म्हणायच्या.

ते खरंच होतं. पस्तीस वर्षं दोरा त्यांनीच मेणवला, पण आरी काही त्यांच्या हाती आली नाही. “शिवराजच्या आईचा हात हलका,” हिम्मतराव म्हणत. बायकोचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मुलगा पुण्याला नोकरीला गेला तरी त्या शिवराजची आईच राहिल्या. दुपारी त्या पायमशीनवर गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवत.

गेल्या वर्षी हिम्मतरावांचा उजवा खांदा गेला. कोठी भागातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हात फाकवायचे बंद. त्याच आठवड्यात युनिफॉर्मच्या दुकानाचे वहीदभाई बँकेच्या गार्डांसाठी साठ होल्स्टरं मागायला आले.

“मशीन डालो जी हिम्मतराव. कब तक हाथां फैलाते बैठते?”

“मशीनला हात नसतो,” हिम्मतराव मला मराठीत म्हणाले.

त्यांच्या धंद्यात ‘हात’ म्हणजे सही. वहीदभाई ढिगातून एखादं होल्स्टर उचलत, शिवणीवरून अंगठा फिरवत आणि सांगत, “ये हिम्मतराव का हाथ है.” मशीन घेतली तर तो हात जाणार, नाही घेतली तर दुकान. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी जाड चामड्याची जुनी मशीन आली. पहिल्यांदा चालली तेव्हा मी ओट्यावरून उठून उभी राहिले. जिथे आरी घुसवायला त्यांना सगळं अंग टाकावं लागे, तिथे सुई दह्यात चमचा जावा तशी उतरत होती. पण एक टाका पडला आणि हिम्मतरावांचे हात आपोआप चामडं सोडून पसरले. पाय दाबलेलाच. शिवण तिरकी पळाली. पुन्हा बसले, पुन्हा तेच. तीन दिवसांत नऊ तुकडे नासले. शेवटी त्यांनी तारामतीबाईंना कोपरं पंच्याने बांधायला लावली, तरी टाक्यागणिक खांदे उचलायचेच. पाय मशीनचा झाला होता, हात अजून खोगिराचे होते. मला हसू आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला.

चौथ्या दिवशी ते ओट्यावर मशीनकडे पाठ करून बसले. मशीनचा दोरा नायलॉनचा, त्याला मेण नको. तारामतीबाईही रिकाम्याच होत्या.

“मी बघू का?” त्यांनी विचारलं.

“नक्को. चामडं आहे ते, पोलकं नाही.”

“नासक्या तुकड्यावर बघते की.”

त्या बसल्या, टाक्याच्या लांबीचा स्क्रू जरासा फिरवला. सरळ शिवण झरझर गेली. खालच्या गोलाईला त्यांनी पाय उचलला, हाताने चाक फिरवत एकेक टाका घातला. आवाज ऐकून हिम्मतराव वळले. तुकडा हातात घेतला, वाकवला, उलटा केला.

“शेवटाला परतीचे तीन टाके कुणी सांगितले तुला?”

“पोलक्याच्या मुंढ्याला घेतेच की मी. नाहीतर उसवतं.”

मी पळत जाऊन पट्टी आणली. सात! पाच नाही, आठ नाही, सात.

“मोजले कसे हो?” मी विचारलं.

“मोजायचं काय त्यात? पस्तीस वर्षं बघायलेच की मी.”

त्यानंतर हिम्मतराव रापीने कापत आणि त्या शिवत. साठ होल्स्टरं पुरी झाली. वहीदभाई आले, ढिगातलं एक उचललं, अंगठा फिरवला. मग दुसरं उचललं. माझा चहा हातातच राहिला.

“ये आपका हाथ नईं है,” ते म्हणाले. “सिर्फ मशीन का भी नईं दिखता. किसका हाथ है जी?”

‘माझाच’ म्हणाले असते तर कोण तपासायला जाणार होतं? हिम्मतरावांनी डाव्या भिंतीतल्या खड्ड्यावर तळवा टेकला. आत मशीनवर पुढचं काम चालू होतं.

“तारामती का हाथ है,” ते म्हणाले.

आतली मशीन थांबली, आणि बराच वेळ पुन्हा सुरू झाली नाही.