नो येलिंग, नो डबे

आमच्या नवऱ्याने यूट घेतली तेव्हा मी म्हटलं, जाऊ दे. पन्नाशीच्या पुरुषांना काहीतरी होतंच. कुणी मॅरेथॉन धावतं, कुणी केस काळे करतं, याने ट्रक घेतला. मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला इथे न्यूझीलंडमध्ये यूट म्हणतात आणि ती शेतकरी, सुतार, प्लंबर अशा कामाच्या माणसांकडे असते. नवरा आयटीत. त्याच्या धंद्यातली सगळ्यात जड वस्तू म्हणजे लॅपटॉपची बॅग, तीही पाठ धरते म्हणून तो चाकांवर ओढत नेतो. दोन वर्षं त्या हौद्यातून गणपतीचं पुठ्ठ्याचं मखर सोडलं तर काही म्हणजे काही गेलं नाही.

"मिडसाइज आहे, पण साडेतीन टन ओढते," असं तो भेटेल त्याला सांगायचा. एकदा डेंटिस्टला सांगितलं, तोंडात यंत्र असताना.

"पण ओढणारेस काय?" मी विचारायचे.

याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. मग एका शनिवारी मी हॉस्पिटलच्या फार्मसीतून दमून घरी आले तर उत्तर ड्राइव्हवेमध्ये उभं होतं. पांढरी, सेकंडहँड कॅराव्हॅन. आत दोन बेड, सिंक, गॅस, छोटा फ्रिज. पुण्यात आम्ही ज्या जागेत संसार सुरू केला तिच्यापेक्षा ऐसपैस! मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "लेकीला सोडायला जाऊ हिच्यातून." मी तोंड मिटलं.

लेकीचं सांगायला हवं. ती इथलीच जन्माची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. फिजिओथेरपी शिकायला ऑकलंडला गेली आणि अवोन्डेलला मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहिली. आम्ही दर रविवारी हॅमिल्टनहून तिकडे धडकायचो. तिथल्या बाजारातून मेथी, कोथिंबीर घ्यायची, घरून नेलेल्या डब्यांनी तिचा फ्रिज भरायचा आणि मग तिचा पसारा, तिची झोप, तिचे मित्र यावरून तिघांनी आवाज चढवायचे, असा कार्यक्रम. डबे परत यायचे ते रिकामे, एका पिशवीत कोंबून. आमच्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत. काही नसलं तर निदान चमचाभर साखर घालतात. माझ्या शेजारच्या गोऱ्या बाईला मी तिचा केकचा डबा साखर घालून परत केला, तर ती बिचारी सांगायला आली की आत चुकून साखर राहिली आहे. मी हे लेकीला दहादा सांगितलं. "मम, इट्स अ कंटेनर," ती म्हणायची.

एका रविवारी मी तिच्या मैत्रिणीचं दही नासलं म्हणून फेकून दिलं. ते नासलेलं नव्हतं, ते तसंच असतं म्हणे. त्यावर जे भांडण झालं, त्यानंतर पूर्ण एक हिवाळा पोरगी आमच्याशी 'यप' आणि 'नोप' यापलीकडे बोलली नाही. तो हिवाळा माझ्या काळजाला अजून टोचतो. घरात जेवताना आम्ही दोघं टीव्ही लावून बसायचो, नाहीतर शांतता खायला उठायची.

आता तिला नोकरी लागली थेट डुनेडिनला. मध्ये समुद्र, फेरी आणि अख्खं दक्षिण बेट. ती विमानाने जाणार होती, एक बॅग घेऊन. नवऱ्याने कॅराव्हॅनचं गाजर दाखवलं. तिने दोन दिवस विचार केला आणि अटी घातल्या.

"नो येलिंग, नो डबे. एक जरी ब्रेक झाली, आय'म फ्लाइंग फ्रॉम द निअरेस्ट एअरपोर्ट."

मी देवासमोर दिवा लावून ठरवलं, जीभ चावेन पण ओरडणार नाही. ती रागावून गेली असती तर पुढचा हिवाळा कधी संपला असता, देव जाणे.

तयारी सुरू झाली. नवऱ्याने इतके व्हिडिओ पाहिले की झोपेत 'बॉल वेट', म्हणजे जोडणीच्या हुकावर पडणारं वजन, म्हणायला लागला. त्याच्याकडून ऐकून ऐकून माझंही पाठ झालं: जड सामान मध्ये, चाकांवर. शेपटीला वजन टाकलं की कॅराव्हॅन हलायला लागते, आणि एकदा हलली की गाडीलाही घेऊन जाते. बाथरूममधला वजनकाटा त्याने अंगणात आणला आणि माझी एकेक वस्तू त्यावर चढवली. पोळपाट बाद. लोणच्याची बरणी बाद. बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा, "दीड किलो? वेडी आहेस का?" बाद! शिवाय तो डबा होता, म्हणजे अटीतच बसत नव्हता. मी तो ओट्यावर आपटला आणि म्हटलं, "तुझ्या ढेरीचं वजन करून घे आधी." हे हळू आवाजात म्हटलं. सराव होता तो.

मग हॅमिल्टनच्याच 'ते रापा' भागात, रविवारी सकाळी, एका मोकळ्या पार्किंगमध्ये रिव्हर्सचा सराव. याने मंडळातल्या मित्रांना बोलावलं आणि तिथेच चुकलं. मराठी माणसाला मागे येणारी गाडी दिसली की त्याच्या अंगात येतं. चौघे चार कोपऱ्यांत उभे राहिले आणि "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" सुरू झालं. एकाच्या हातात चहा, एक फोनवर बोलता बोलता येऊ देतोय. यातल्या एकानेही जन्मात साधी ट्रॉली ओढलेली नाही, पण "कट मार, कट मार!" कॅराव्हॅनला कट उलटा मारावा लागतो, हे नवरा सोडून कुणालाच माहीत नाही, आणि नवऱ्याला चौघांपुढे ते आठवेना. शेवटी यूट आणि कॅराव्हॅन एकमेकींना काटकोनात येऊन रुसून उभ्या राहिल्या. सगळ्यांनी मिळून निष्कर्ष काढला की पार्किंगची जागाच चुकीची आहे.

निघालो. पहिला मुक्काम टाउपोला, कॅम्पग्राउंडवर. तिथे संध्याकाळी लोक घडीच्या खुर्च्या टाकून, हातात बिअर घेऊन बसतात ते सूर्यास्त बघायला, असं मला वाटायचं. नाही हो. ते नवीन आलेल्या जोडप्यांचं रिव्हर्सिंग बघायला बसतात. तीन संसार डोळ्यांसमोर मोडताना मी स्वतः पाहिले. आमची पाळी आली. ओरडायचं नाही ही अट, म्हणून आम्ही दोघांनी फोन लावला, तो गाडीत, मी मागे.

"अहो, किंचित डावीकडे घेता का?"

आमच्याकडे 'अहो' दोनदाच निघतं, पाहुणे आले की आणि मी भयंकर चिडले की. नवऱ्याला ते कळलं. "हो, घेतो ना," तो गोड आवाजात म्हणाला आणि नेमकं उजवीकडे घेतलं. "अहो, मागे झाड आहे बरं का." "आहे का? छान." अशा सभ्यपणे आम्ही ते झाड खरवडलं. शेवटच्या खुर्चीवरचे आजोबा टाळ्या वाजवून "स्वीट अ‍ॅज!" म्हणाले, म्हणजे एकदम झकास. लेक आमच्याकडे बघत होती आणि ओठ दाबून हसत होती. मला वाटलं, जमलं. जिंकलो आपण.

दुसऱ्या दिवशी डेझर्ट रोडला लागलो. दोन्हीकडे नुसतं वाळकं गवत, बाजूला बर्फाचे डोंगर, वारा मरणाचा. एका लांब उताराला मागून मोठा ट्रक आला, सुसाट शेजारून गेला, आणि आमची कॅराव्हॅन हलली. आधी थोडी, मग जास्त. आरशात ती एकदा डावीकडे दिसे, एकदा उजवीकडे. स्टिअरिंग नवऱ्याच्या हातात राहीना.

"ब्रेक मार!" मी किंचाळले. गेली पहिली अट.

मागच्या सीटवरून लेकीचा आवाज आला, शांत, खालच्या पट्टीतला. "बाबा, नो ब्रेक. पाय काढ. फक्त पाय काढ. होल्ड इट स्ट्रेट." त्याने पाय काढला. गाडी मंदावली, कॅराव्हॅन दोन-तीनदा डोलली आणि सरळ झाली. पुढच्या मोकळ्या जागेत आम्ही थांबलो.

"तुला कसं माहीत?" मी तिला विचारलं.

"युनीमध्ये रोइंग क्लबचा बोट ट्रेलर मीच टो करायचे," ती म्हणाली. "यू नेव्हर आस्क्ड."

खरंच कधी विचारलं नव्हतं. आम्ही फ्रिज उघडून बघायचो ना. पण तेव्हा मला लाज वाटण्याआधी राग आला, आणि माझा राग थांबत नाही.

"मागच्या कप्प्यात काय भरलंयस?" मी नवऱ्यावर ओरडले.

"खुर्च्या आहेत."

"खुर्च्या शेपूट हलवतात? किल्ली दे!"

कॅराव्हॅनच्या अगदी मागे, बाहेरून उघडणारा एक कप्पा असतो. तो मी उघडला. वर खुर्च्या. खाली आंबेमोहोर तांदळाचं पोतं. आटा. तूरडाळ. प्रेशर कुकर, नवा, खोक्यातला. तेलाचा हीटर, जो एकट्याने उचलवत नाही. गोडा मसाला, पोहे, हातोडी, पान्हे. टायर दाखवायला म्हणून हा मेला ऑकलंडला गेला होता, तो तिथल्या सँडरिंगहॅमची भारतीय दुकानं लुटून आला होता. आणि कोपऱ्यात, टॉवेलमध्ये गुंडाळलेला, माझा लाडवांचा डबा. दीड किलो!

"माझं पोळपाट काढलंस बाहेर! पोळपाट!" मी इतकी ओरडले की पलीकडे गाडी थांबवून फोटो काढणारं जोडपं आत जाऊन बसलं.

नवरा खाली बघत होता. "डुनेडिनला थंडी असते," तो म्हणाला.

"तिथे दुकानं आहेत रे, माणसंच राहतात तिथे!"

"आहेत. पण पहिल्याच दिवशी कुठे शोधत बसेल ती?"

ती लहानपणी तापात फक्त आंबेमोहोराचा मऊ भात खायची, हे त्याच्या लक्षात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. दोन्ही अटी मोडल्या होत्या. लेक हाताची घडी घालून कप्प्याकडे बघत उभी होती. मी मनात म्हटलं, आता फोन काढेल, टाउपोला विमानतळ आहे, संपलं. मला रडूच फुटलं.

तिने फोन काढला नाही. ती वाकली, पोतं खांद्यावर घेतलं, दारातून आत नेलं आणि दोन बाकांच्या मध्ये, चाकांच्या बरोबर वर ठेवलं. मग कुकर. मग बापाबरोबर धरून हीटर.

"हेवी स्टफ गोज इन द मिडल, बाबा. यू टोल्ड अस लाइक अ मिलियन टाइम्स." मग हात पुढे केला. "कीज."

पुढे डुनेडिनपर्यंत जास्त करून तिनेच चालवलं. नवरा मागच्या सीटवर लाडू खात बसला. तिथल्या उभ्या चढाच्या रस्त्यावर तिने कॅराव्हॅन एका दमात रिव्हर्स घेतली. माझा हात 'येऊ दे' म्हणायला वर गेला होता, तो मी केसांवरून फिरवला. सामान वर गेलं. तिने कुकर शेगडीवर ठेवला आणि खोकं फेकलं. निघताना तिने आम्हाला दोघांना एकदम मिठी मारली आणि म्हणाली, "ओके, नाऊ गो, प्लीज." आम्ही गेलो. गाडीत कुणी टीव्ही लावत नाही, त्यामुळे शांतता ऐकावीच लागली.

परतीला कॅराव्हॅन इतकी सरळ चालली की तिचा राग यावा. सगळीकडे पाऊस, बाहेर बसण्याची सोय नाही. टाउपोला शेवटच्या सकाळी ऊन पडलं, तेव्हा नवऱ्याने खुर्च्या काढायला मागचा कप्पा उघडला.

"अगं, हा डबा इथे कसा?"

माझा लाडवांचा डबा. मी तो उरलेल्या लाडवांसकट तिच्या ओट्यावर ठेवला होता. "रिकामाच असणार," मी म्हटलं. त्याने हलवला. आत काहीतरी सरकलं. मी झाकण काढलं.

आत साखर होती. चमचाभर नाही, मूठभर.

आम्ही खुर्च्या काढल्याच नाहीत. निघताना मी डबा कॅराव्हॅनमध्ये न्यायला लागले. "मध्ये ठेवते, चाकांवर," मी म्हटलं.

"नको," तो म्हणाला. "मांडीवर घे."

हॅमिल्टनपर्यंत तो माझ्या मांडीवर होता.