मधोमध तुटलेली पट्टी

त्याच्या ब्रेडबोर्डवरची चूक मला पहिल्याच नजरेत दिसली आणि मी गप्प बसलो. हे सांगताना लाज वाटायला हवी. तेव्हा मात्र मजा वाटली होती.

आम्ही दोघं कॉलेजपासूनचे मित्र, गिटारचा आवाज बदलणारे इफेक्ट पेडल बनवायच्या नादी लागलेलो. तो अकोल्याच्या वकिलाचा मुलगा; अमरावतीत माझ्याच खोलीवर राहायचा. वडिलांनी मुदत दिली होती: दिवाळीपर्यंत एक पेडल वाजवून दाखव, नाहीतर काळा कोट चढव. त्याआधी माझं पेडल ऐकून तो चारचौघांत म्हणाला होता, "हे त मिक्सरमंदी खडे टाकल्यावानी वाजून राह्यलं बे." सगळे फिदीफिदी हसले. त्यात त्याचं सर्किट माझ्यापेक्षा सरस होतं, ते कागदावरच कळत होतं. म्हणून जास्त झोंबलं.

ब्रेडबोर्ड म्हणजे सर्किट जुळवून बघायची भोकाभोकांची पाटी; तिच्या कडेला लाल रेघेची एक पट्टी असते. बॅटरी तिला जोडली की करंट बोर्डभर पोचतो. पण काही लांब बोर्डांत ती पट्टी मधोमध तुटलेली असते, दोन तुकडे वायरीने जोडून घ्यावे लागतात. त्यानं जोडले नव्हते. बॅटरी डावीकडे, त्यामुळे डावीकडचा दिवा लागायचा, मीटरही तो डावीकडेच लावायचा, म्हणून पठ्ठ्या निर्धास्त. उजवीकडची आयसी, म्हणजे आवाज घडवणारी चिप, उपाशी.

"काहून वाजत नसंन बे?" तो विचारायचा.

"आयसी डुप्लिकेट असंन. बदल," मी सांगायचो.

त्यानं सहा बदलल्या. जेवणावरची वासना उडाली. सगळ्या वायरी उपटायचा आणि पुन्हा लावायचा, अगदी टापटीप, चूक जशीच्या तशी ठेवून. मी शेजारी बसून चिवडा खायचो.

दिवाळीला वडील आले. त्यानं तार छेडली. ॲम्पमधून नुसती खरखर. वडील रागावलेसुद्धा नाहीत. "चाल, बॅग भर," एवढंच म्हणाले. बोर्ड तो माझ्याकडेच टाकून गेला. त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळायच्या आत मी वायरीचा तुकडा लावला आणि तार छेडली. तसा आवाज मला आजवर काढता आलेला नाही.

परवा जागेच्या कागदांसाठी अकोल्याला त्याच्या ऑफिसात गेलो. केस पिकलेत, कोट अंगावर सैल लोंबतो. त्यानं ज्युनिअर वकिलांना मुद्दाम बोलावून घेतलं.

"हा माहा दोस्त. माह्यासाठी लय झटला होता तवा. माह्यातच दम नव्हता."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असते बे, सगळ्याईलेच नाही जमत."