मुखड्यापुरते मास्तर

भुयारी रस्त्यात अकॉर्डियन वाजवणाऱ्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणायचे. शिकवलं त्यांनी जन्मात कुणालाच नाही. पण गळ्यात वाद्य आणि अंगात जुना कोट दिसला की लोक काहीतरी मानाचं नाव देतातच. नावाला कुठे दमडी मोजावी लागते!

बावीस वर्षं मास्तर जिन्याच्या पायथ्याशी बसले. तिथली अक्कल त्यांना तिथंच आली. जिना उतरून वळणापर्यंत जायला माणसाला चाळीस पावलं लागतात. तेवढ्यात गाण्याचा मुखडा होतो. ओळखीची चाल कानावर पडते आणि हात खिशात जायचा असेल तर तेव्हाच जातो. अंतरा सुरू होईतो माणूस वळणाआड. मग तो वाजवायचा कुणासाठी, भिंतींसाठी? मास्तरांनी अंतरे सोडूनच दिले. एक मुखडा संपला की लगेच दुसरा, मग तिसरा.

पण भुयारातली ओल छातीत उतरली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "आणखी एक हिवाळा तिथं काढलात तर काही खरं नाही." तेव्हापासून बायकोनं देवाजवळ एकच धोशा लावला, ह्यांना छपराखालचं काम मिळू दे.

तिची धाकटी बहीण वृद्धाश्रमात स्वयंपाकाला होती. तिनं तिथल्या व्यवस्थापक बाईंच्या कानावर घातलं. रोज दुपारी दोन तास, कोरडी उबदार खोली, महिन्याचा पगार. फक्त एकदा वाजवून दाखवायचं.

"तुमच्या हातचा मळ आहे, भावोजी," मेहुणी म्हणाली. "दाढी तेवढी करून या. नाहीतर तिथलेच समजून कुणीतरी खाटेवर निजवेल."

खोलीत वीसेक म्हातारी माणसं खुर्च्यांवर बसली होती. मास्तरांनी भाता उघडला. पहिल्याच सुरांनी चेहरे उजळले. पुढच्या रांगेतल्या एक आजी खुर्चीच्या दांड्यावर बोटानं ताल धरू लागल्या. मुखडा संपला आणि बोटं आपोआप दुसऱ्या गाण्यावर गेली. मग तिसऱ्या. चौथ्याला चाकाच्या खुर्चीतले आजोबा ओरडले, "अहो, दरवेळी दारातूनच काय वाटेला लावता? आत तर येऊ द्या!"

सगळे हसले. मास्तरही हसले.

"ते पहिलंच वाजवा पुरतं," आजी म्हणाल्या. "त्याचा अंतरा आमच्या ह्यांना फार आवडायचा."

मास्तरांनी मुखडा वाजवला. शेवटच्या सुरावर भाता ताणून धरला, पण पुढे काहीच येईना. परत पहिल्यापासून धरलं, परत तिथंच येऊन थांबले. त्यांना आधार म्हणून आजींनी बारीक आवाजात अंतरा गायला घेतला. मास्तरांची बोटं पट्ट्यांवर चाचपडत राहिली, सूर भलतेच लागले. आजी ओशाळून थांबल्या.

"माझंच चुकत असेल. वय झालं आता."

"नाही आजी," मास्तर खाली मान घालून म्हणाले, "तुमचं बरोबर आहे."

व्यवस्थापक बाई दारापर्यंत आल्या. "हात गोड आहे हो तुमचा. पण इथल्या माणसांना कुठं जायचं नसतं. दोन तास ती बसूनच असतात. वाढदिवस असला की बोलावू. तेव्हा एवढं पुरतं."

घरी बायको उंबऱ्यातच उभी होती. "कधीपासून यायला सांगितलं?"

मास्तरांनी घडलं ते सांगितलं. तिचा विश्वासच बसेना. "तुम्ही विसरलात? लग्न झालं तेव्हा शेजारी भिंतीवर ठोकेपर्यंत वाजवायचात की! मला विचारून जायचंत, मी सांगितला असता."

"सांग."

ती म्हणायला गेली. मुखडा म्हटला आणि तिथंच अडली. डोळे मिटून आठवू लागली, हातानं ताल धरून पाहिला. बावीस वर्षं घरातही तिच्या कानावर तेवढंच पडलं होतं.

"देवा," एवढंच बोलून ती आत गेली.

सकाळी मास्तर भुयाराकडे निघाले तेव्हा तिनं दोन स्वेटर काढून ठेवले होते, एक त्यांचा आणि एक तिचा.

"एकावर एक घाला," ती म्हणाली.