दाजींनी दुकानात नेलेला फ्रिज

माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, नवऱ्याने, म्हणजे आमच्या दाजींनी, जन्मात एकही वस्तू दुकानदाराच्या शब्दावर विकत घेतलेली नाही. खुर्ची घ्यायची तर दुकानातच तीत बसून अख्खा पेपर वाचणार, उशी घ्यायची तर गल्ल्यासमोर आडवे होऊन डुलकी काढणार, आणि छत्री घ्यायची तर ती उघडून वर तांब्याभर पाणी ओतायला लावणार. तेही शहराच्या कडेला त्यांच्या पडेगावात आठवड्याने नळ येत असे त्या दुष्काळी दिवसांत! "दाजी, पाऊसच नाही तर छत्री कशाला?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "आत्ताच तर स्वस्त हाय ना!"

त्या वर्षांत पडेगावाकडे नव्या वसाहती भराभर उगवत होत्या आणि वीज मात्र भर दुपारी जायची ती उन्हं कलल्यावर यायची. अक्काला रोज इन्सुलिन लागायचं. एका मे महिन्यात बंद फ्रिजमध्ये ते बिघडलं, सुया टोचूनही साखर उतरेना, आणि अक्काला दवाखान्यात ठेवावं लागलं. निघताना डॉक्टरांनी सांगितलं, वीज गेली की औषध माठात ठेवा, माठ ओल्या वाळूत ठेवा. दाजी म्हणाले, "साहेब, वाळू वली करायला पाणी कुठून आणू? इथं टँकरपाशी बायका हंडे आपटायल्यात." आणि त्याच दिवशी ते इन्व्हर्टरच्या मागे हात धुऊन लागले.

जालना रोडवरच्या एका दुकानदाराने त्यांना सांगितलं, "चचा, दो पंखे, चार ट्यूब, टीवी... फ्रिज भी चल जाता. आँख बंद करके ले जाव."

"आँख बंद करके सोते मियाँ, खरेदी नै करते," दाजी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी घरचा फ्रिजच तिथं घेऊन गेले. इन्सुलिन शेजाऱ्यांकडे बर्फाच्या थर्मासात ठेवलं, आणि फ्रिज आडवा पडू नये म्हणून लोडिंग रिक्षात त्याला मिठी मारून दाजी स्वतः मागे उभे राहिले. मी पुढे ड्रायव्हरशेजारी तोंड लपवून बसलो होतो. प्रत्येक चौकात कुणीतरी विचारायचं, "काका, विकायला काढला का?" आणि दाजी ओरडून सांगायचे, "नाय, दाखवायला नेतोय!" लग्नाची मुलगी दाखवायला न्यावी, तसाच सगळा मामला होता. दुकानात पोचल्यावर दुकानदार लगबगीने वायर जोडायला आला, तर दाजींनी त्याचा हात धरला. "प्रवासातून आलाय तो. दोन-तीन तास नुस्ता हुभा राहू द्या, नायतर कंप्रेसर जाईल." बिचाऱ्याने चहा मागवला.

पहिल्या इन्व्हर्टरवर फ्रिजमधला दिवा लागला, पण कंप्रेसर सुरू होताना एकदम जोराचा करंट ओढतो, तो काही त्याला झेपला नाही. लाल दिवा लागला आणि त्याने मान टाकली. दुसऱ्यावर फ्रिज चालला खरा, पण घुर्र घुर्र करायला लागला. "रडायलाय तो," दाजी म्हणाले, "काढा." मग दोन बॅटऱ्यांचा मोठा, लाइनीतल्या विजेसारखाच करंट देणारा साइन वेव्हवाला आला, त्यावर फ्रिज घरच्यासारखा गुणगुणू लागला, आणि दुकानदारच आनंदाने ओरडला, "लग गया, चचा!" दाजी ढिम्म. "एकदा गार झाल्यावर आपसूक बंद होऊन परत लागू द्या." तेवढ्यासाठी आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. तो परत लागला तेव्हा दाजींनी तोंड भिंतीकडे फिरवून उपरण्याने डोळे पुसले. मी त्यांना आयुष्यभर हसत आलो, पण त्या क्षणी मला हा माणूस फार आवडला.

तो इन्व्हर्टर घरी आला, पण त्यावर फ्रिजखेरीज एक बल्बही जोडायची दाजींची परवानगी नव्हती. घामाने निथळत दाजी पुठ्ठ्याने वारा घ्यायचे, पण पंख्याचं नाव काढू द्यायचे नाहीत.

आता तिकडे वीज फारशी जात नाही. म्हणून दर रविवारी दाजी आपणच मेन स्विच पाडतात आणि इन्व्हर्टरवर फ्रिज चालतो का ते बघतात. अलीकडे त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून फ्रिजला तळहात लावून उभे राहतात. एरवी दाजींवर खेकसणारी अक्का, मालिका अर्ध्यात तुटली तरी तेवढा वेळ गप्प बसते. परवा मी तिथंच होतो. कंप्रेसर लागलेला मला ऐकू आला, अक्कालाही आला. तरी तिने मुद्दाम मोठ्याने विचारलं, "लागला का हो?"

"लागला, लागला," दाजी म्हणाले, पण हात काही त्यांनी काढला नाही.